दोन हूक, तीन धागे: एका कोड्याच्या खेळाची घडण

सोलापुरात राहून मी जो कोड्यांचा व्हिडिओ गेम तयार केला, त्याचा विषय जकार्डचा माग हा आहे. खेळणाऱ्यासमोर कापडाचा एक लहानसा नमुना असतो आणि दिलेल्या हूकांना धागे बांधून, पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून तेच कापड मागावर उतरवायचे असते. आज हा नियम एवढ्या थोडक्यात सांगता येतो, पण तो या रूपाला येईपर्यंत एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत माझ्यापुढे येत राहिला. खेळ नवा असावा आणि तो खेळताना आनंद व्हावा, या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येऊ लागल्या, तर कोणती सोडायची?

विषय मागाचाच का, हे सोलापूरकरांना सांगावे लागणार नाही. शहराच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाच्या कानांत यंत्रमागाचा खडखडाट कायमचा बसलेला असतो, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या इथल्या चादरीवरची नक्षी जकार्डवरच उतरते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले असले, तरी माझ्या डोळ्यांपुढे आहे तो मागाच्या माथ्यावरून कार्डांची माळ फिरवणारा जुना जकार्ड. त्यात एका कार्डावर कापडाची एक आडवी ओळ साठवलेली असते. कार्डात जेथे भोक असते तेथे सुई आत शिरते, तिच्याशी जोडलेला हूक जागेवर राहतो आणि वर जाणारी पाती त्याला उचलून नेते. जेथे भोक नसते तेथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पातीच्या वाटेतून सरकतो आणि खालीच राहतो. हूकाला बांधलेल्या दोऱ्या ताण्याचे, म्हणजे मागावर उभे ताणलेले, धागे उचलतात, उचललेल्या आणि न उचललेल्या धाग्यांमधून आडवा धागा नेणारा धोटा जातो, एक ओळ विणून होते आणि पुढचे कार्ड येते. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्राची कार्डे पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी स्वीकारली. प्रोग्रामिंगवर पोट भरणाऱ्या मला या यंत्राविषयी वाटणारी ओढ त्यामुळे दुहेरी आहे.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक धाग्याला स्वतःचा एक हूक होता. नमुना पाहायचा, कार्डावर भोके पाडायची आणि माग चालवायचा. अशा प्रकारचा खेळ मी कोठे पाहिलेला नव्हता, म्हणजे नावीन्याची अट पूर्ण झाली होती. पण खेळताना घडत होती ती केवळ नक्कल. नमुन्यात धागा वर दिसला की भोक पाडा, खाली दिसला की सोडून द्या, एवढेच डोक्याला काम उरत होते. काय हवे आहे हे दिसणे आणि ते कसे करावे हे कळणे, या दोहोंमध्ये अंतर असल्याखेरीज कोडे तयार होत नाही, आणि येथे ते अंतरच नव्हते. कापड मोठे केले तेव्हा खेळ अवघड झाला नाही, फक्त लांबला.

अंतर निर्माण करण्याचा जो मार्ग बहुतेकांना प्रथम सुचतो तोच मलाही सुचला, आणि मी नियम वाढवत गेले. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, तीन रंग आले. एकच धागा सलग तीनदा उचलला तर तो तुटू लागला. धोट्यातल्या कांड्या, म्हणजे सुताच्या गुंडाळ्या, मोजून मिळू लागल्या. यातली प्रत्येक गोष्ट मागावर खरोखर अडचणीची असते, त्यामुळे त्या वेळी मला ही भर योग्य वाटत होती. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला बार्शी आणि मंगळवेढ्याचे नातेवाईक आमच्याकडे मुक्कामाला आले, तेव्हा त्यांच्यासमोर मी हा खेळ ठेवला. वयाने आणि स्वभावाने अगदी वेगवेगळी असलेली ही माणसे एकाच प्रकारे खेळत होती. आधी सूचना वाचायच्या, मग एक हालचाल करायची, ती का चालली नाही हे कळण्यासाठी पुन्हा सूचनांकडे जायचे. कोडे सुटले की ती "सुटले एकदाचे" म्हणत आणि मोबाईल पुढच्याच्या हातात देत. कोडे सोडवल्याचा आनंद आणि कोड्यातून सुटल्याचा आनंद यांतला फरक चेहऱ्यावर लगेच दिसतो. नियम पाच झाले की पाचच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात असे नाही. प्रत्येक नियम दुसऱ्या प्रत्येक नियमाशी कसा वागतो हेही ठेवावे लागते, आणि माणसाचे सगळे बळ त्या सांभाळण्यातच संपून जाते. शोधण्यासाठी काही उरत नाही.

यानंतर मी काही काळ अगदी उलट दिशेला गेले. स्टीफन लॅव्हेल यांनी २०१३ साली उपलब्ध करून दिलेल्या पझलस्क्रिप्ट या साधनात खोकी ढकलण्याचे खेळ फार लवकर उभे राहतात. त्यात मी मागांच्या शेडमध्ये सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, ढकलत योग्य मागापाशी नेण्याचा खेळ केला. लोकांना तो आवडला. महाविद्यालयात शिकणाऱ्या एका भाच्याने "मावशी, हे तर सोकोबानच आहे" असे पहिल्याच मिनिटात सांगितले आणि तरीही तो तासभर खेळत बसला. सोकोबान १९८२ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. खोके ढकलता येते पण ओढता येत नाही, या एका बंधनातून निघालेली कोडी चाळीस वर्षांनंतरही लोक करत आणि सोडवत आहेत. आनंद तेथे होता, पण तो सगळा त्या जुन्या नियमाचा होता, आणि माझ्या मागांच्या जागी धान्याची पोती ठेवली असती तरी एकही कोडे बदलले नसते.

या टप्प्यावर मला अनेकांनी एक व्यावहारिक सल्ला दिला. खेळणाऱ्याला नावीन्याशी देणेघेणे नसते, तेव्हा जे चालते ते सुबकपणे करावे, असे त्यांचे म्हणणे होते. या सल्ल्यामागे आधार नाही असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये थ्रीज हा अंक सरकवून जोडण्याचा खेळ आला. त्याच्या कर्त्यांनी वर्षाहून अधिक काळ तो घासूनपुसून तयार केला होता. पुढच्याच महिन्यात त्याच घराण्यातला, अधिक सोपा आणि फुकट मिळणारा २०४८ आला आणि जगभर पसरला. दोन्ही खेळ मी भरपूर खेळले आहेत. २०४८ मध्ये मोठा अंक एका कोपऱ्यात धरून ठेवण्याची युक्ती सापडली की पुढचा खेळ बराचसा हाताच्या सवयीचा होतो. थ्रीजमध्ये मात्र एक आणि दोन हे वेगळे अंक एकमेकांशीच जुळत असल्यामुळे पटावरची अडचण प्रत्येक वेळी नव्याने उभी राहते. किती जण खेळले याचा निकाल एका बाजूला लागला, पण विचार करायला काय मिळाले याचा निकाल माझ्या मते दुसऱ्या बाजूला लागतो, आणि मला ज्या प्रकारचा खेळ करायचा होता त्याला दुसराच निकाल लागू होता.

मी पुन्हा मागाकडे वळले ते आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त जॉबरमुळे. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची हयात माग दुरुस्त करण्यात गेली. मी त्यांना पहिली आवृत्ती दाखवली, तेव्हा त्यांनी प्रत्येक धाग्याला वेगळा हूक पाहून मान हलवली. "अगं, एवढे हूक असतात होय कुठे? एका हूकाला चार-चार, सहा-सहा दोऱ्या बांधतात की. म्हणून तर तेच फूल चादरीवर परत परत येतं." जकार्डच्या हूकांची संख्या मर्यादित असते आणि कापडाच्या रुंदीत धागे हजारो असतात; हूकाला दोऱ्या कशा बांधल्या यावर नक्षी आडवी पुन्हा येणार की आरशातल्यासारखी उलटणार हे ठरते. मी कार्डांकडे बघत होते, आणि अर्धी नक्षी मात्र दोऱ्यांच्या बांधणीत होती.

त्या रात्री मी कार्डांबरोबर बांधणीही खेळणाऱ्याच्या हातात दिली. तरीही कोडे सोपेच राहिले, कारण सारख्या वागणाऱ्या धाग्यांना एकाच हूकाला बांधले की काम संपत होते. मग मी उलटा विचार केला. एका हूकाला अनेक धागे चालतात, तर एका धाग्याला अनेक हूक का नकोत? धाग्याचा कोणताही एक हूक उचलला गेला तरी धागा वर जावा, एवढाच नियम. अण्णांना हे मुळीच पटले नाही. त्यांच्या मते असे बांधले तर दोऱ्या एकमेकींत अडकतील आणि धागा काचून तुटेल, आणि खऱ्या मागाच्या बाबतीत त्यांचा शब्द मी प्रमाण मानते. खेळात मी ही मुभा घेतली, आणि तशी ती घेतली आहे असे खेळाच्या माहितीच्या पानावर लिहून ठेवले, कारण मागाविषयी आदर बाळगून केलेल्या खेळाने मागाविषयी चुकीची समजूत पसरवू नये असे मला मनापासून वाटते.

या एका मुभेने सगळे पालटले. खेळातले शिकवण्याचे कोडे आजही तेच आहे जे मी त्या रात्री कागदावर काढले. धागे तीन, हूक दोन आणि ओळी तीन. पहिल्या ओळीत डावीकडचे दोन धागे वर हवेत, दुसरीत उजवीकडचे दोन, तिसरीत तिन्ही. तिन्ही धागे वेगवेगळे वागतात, म्हणून हूकही तीन लागतील असे प्रत्येकाला वाटते, आणि हूक तर दोनच आहेत. डावा धागा पहिल्या हूकाला, उजवा दुसऱ्या हूकाला आणि मधला दोघांनाही बांधला की कोडे सुटते. येथे सूचना नाही, बाण नाही, लुकलुकणारे बटण नाही. मधल्या धाग्याला आधीच एक दोरी असताना दुसरी बांधता येईल का, असे वाटून माणूस ती ओढून पाहतो, ती बांधली जाते, आणि त्याच क्षणी त्याला नियम कळतो. रंग, तुटणारे धागे आणि मोजक्या कांड्या मी त्याच आठवड्यात काढून टाकल्या. रंग काढताना जड गेले, कारण सोलापुरी चादर म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम रंगच येतात. ते आता फक्त देखाव्यात उरले आहेत, नियमात नाहीत.

कोडी तपासण्यासाठी मी एक लहान प्रोग्राम लिहिला. दिलेल्या बांधणीत एखादी ओळ विणता येते का हे पाहणे सोपे आहे: ज्या हूकाचे सगळे धागे त्या ओळीत वर हवे आहेत असा प्रत्येक हूक उचलायचा आणि हवे ते सगळे धागे वर आले का ते बघायचे. अवघड भाग बांधणी शोधण्याचा. हूक चार असतील तर एका धाग्याच्या बांधणीचे १६ पर्याय होतात, आणि धागे सहा असतील तर एकूण पर्याय १६ चा सहावा घात, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक. संगणकाला हे फारसे जड नाही. मी त्याला निरनिराळी कापडे देऊन कमीत कमी किती हूक लागतात ते विचारत असे.

त्यात एकदा मी तिरप्या रेघेचे कापड दिले. सहा धागे, सहा ओळी. प्रत्येक ओळीत एक सोडून सगळे धागे वर आणि खाली राहणारा धागा दर ओळीला एक घर पुढे. सहाही धागे वेगळे, सहाही ओळी वेगळ्या, कोणतीच दोन एकमेकांना मदत करताना दिसत नाहीत. मला सहा हूकांची अपेक्षा होती. प्रोग्रामचे उत्तर चार आले. मी प्रोग्राम पुन्हा तपासला, मग कागद घेऊन हाताने मांडून पाहिले. चार हूकांतून दोन-दोनच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक धाग्याला एक वेगळी जोडी द्यायची. जो धागा खाली हवा, त्याच्या जोडीतले दोन्ही हूक खाली ठेवायचे आणि उरलेले दोन उचलायचे. बाकीच्या प्रत्येक धाग्याच्या जोडीत या उचललेल्या दोनांपैकी निदान एक असतोच, म्हणून तो वर जातो, आणि ज्याच्या जोडीत एकही नाही असा धागा फक्त एक उरतो. प्रोग्रामने या कापडाच्या ७२० बांधण्या मोजल्या होत्या, पण त्या सगळ्यांमागे कल्पना एकच होती. कोणत्या धाग्याला कोणती जोडी एवढाच काय तो फरक. खेळणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगली स्थिती नसते, कारण कल्पना सापडली की हात कोणत्याही वाटेने गेला तरी पोहोचतो, आणि कल्पना सापडल्याखेरीज कोणतीच वाट पोहोचवत नाही.

मला ज्या प्रश्नाने एवढे दिवस घेरले होते, त्याचे उत्तर मला या कोड्यात मिळाले. तिरपी रेघ मी रचलेली नव्हती. ती नियमात आधीपासून होती आणि मला फक्त सापडली. मला सापडताना जो आनंद झाला तोच खेळणाऱ्याला व्हावा एवढीच माझी इच्छा होती, आणि त्यासाठी नावीन्यातून थोडे कापून आनंदात घालण्याची गरजच नव्हती, कारण दोन्ही एकाच ठिकाणी होते. एका साध्या नियमातून पुढे काय काय निघते हे कोणी पाहिलेले नसेल, तर ते पाहणे हेच नवे असते आणि तेच रमवणारेही असते. २००८ च्या ब्रेड (Braid) या खेळामध्ये काळ मागे नेण्याचा, किंवा २०१९ च्या बाबा इज यूमध्ये पटावरचे शब्द ढकलून नियमच बदलण्याचा जो विचार आहे, तो शेवटच्या टोकापर्यंत नेलेला आहे म्हणूनच ते खेळ मनात राहतात असे मला वाटते.

तरीही ओढाताण संपली नाही, ती कोड्यांच्या क्रमात शिरली. प्रोग्रामने मला अशी अनेक कोडी दाखवली होती जी गणिताच्या दृष्टीने विलक्षण होती आणि हातात घेतल्यावर कंटाळवाणी निघाली. त्यांत पंधरा-वीस धागे असत आणि विचार सुचल्यानंतरही दोऱ्या ओढण्यातच वेळ जाई. ती मी काढली. भोके पाडण्याचे काम खेळानेच आपोआप करावे का, यावर मी बराच काळ घोटाळत होते, कारण बांधणी बरोबर असेल तर कार्डे कशी असावीत हे ठरूनच जाते. पण आठवीत शिकणारी शेजारची मुलगी खेळताना मी पाहिली. ती अर्धवट बांधणीवरच भोके पाडून पाही, एक ओळ विणे, कोणता धागा चुकून वर आला ते बघे, आणि त्या चुकीवरून बांधणी बदले. भोके पाडणे ही तिची विचार करण्याची पद्धत होती. ते काम मी खेळणाऱ्याकडेच ठेवले. पुढच्या भागात काही कोड्यांत कार्डे आधीच पाडलेली येतात आणि फक्त बांधणी शोधायची असते, काहींत बांधणी गच्च असते आणि कार्डे शोधायची असतात. नवा नियम न आणता विचाराची दिशा बदलण्यासाठी हे पुरेसे ठरले.

तिरप्या रेघेचे कोडे सुरुवातीला फार लवकर येत होते, आणि लोक चार हूक पाहून खेळात काहीतरी बिघाड आहे असे समजत. त्याच्या आधी तीन धागे आणि तीन हूक असलेले, सहज सुटणारे छोटे तिरपे कापड ठेवले, मग दोन-दोन हूकांना बांधलेले धागे दोन-तीन निराळ्या कापडांत येऊ दिले, आणि त्यानंतर ते मांडले. आता लोक अडतात, पण खेळावर संशय घेत नाहीत.

त्याच्या लगेच पुढे मी दहा धाग्यांची तिरपी रेघ पाच हूकांसह ठेवली आहे. पाचातून दोन-दोनच्या जोड्या दहा होतात, म्हणजे मागच्या कोड्यात काय घडले हे ज्याला समजले त्याला येथे काहीच शिकवावे लागत नाही, आणि ज्याचा मागच्या वेळी नुसता हात लागून गेला त्याला मागे जाऊन बघावे लागते. येथे पर्यायांची संख्या ३२ चा दहावा घात होत असल्याने मी प्रोग्रामला सगळे पर्याय तपासायला लावले नव्हते. शेजारच्या त्या मुलीने हे कोडे प्रत्येक धाग्याला तीन-तीन हूक बांधून सोडवले. "ताई, दोन-दोननेच करायचं होतं का?" असे तिने विचारले. मी तिच्याजवळ बसून मांडून पाहिले, तर पाचातून तीन-तीनचे गटही दहाच होतात, आणि मग प्रत्येक ओळीत उरलेले दोन हूक उचलले की पुरते. माझ्या उत्तरात वीस गाठी आणि तीस भोके होती, तिच्या उत्तरात तीस गाठी आणि वीस भोके. तोवर प्रत्येक कोड्याच्या शेवटी कमीत कमी गाठींसाठी एक तारा मिळत असे, आणि त्या हिशेबाने तिचे उत्तर दुय्यम ठरले असते. तो तारा मी त्याच संध्याकाळी खेळातून काढला. आता कोडे सुटल्यावर गाठी आणि भोके या दोन्ही संख्या विणलेल्या कापडाखाली शेजारी शेजारी दिसतात.